रामदास बोट, १७ जुलै १९४७ : बुडालेल्यांची नावं कुठे आहेत?

धरमतर_खाडी (धागाकर्ता)

आषाढातली अवस जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर रामदास बोटीचा तोच मजकूर दरवर्षी फिरायला लागतो. काळाचा घाला, राक्षसी लाट, जलसमाधी. वाचून हळहळ वाटते, आपण पुढे पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. त्या मजकुरात माणसं मात्र कधीच नसतात. कोण होती, कुठल्या गावची, मुंबईत कुठे कामाला होती, मागे कोण राहिलं, एक अक्षर नाही. हा धागा त्यासाठी काढतोय. भावनिक होऊन थांबायचं नाही, काहीतरी हाताला लागलं पाहिजे.

आधी जे पक्कं आहे ते मांडतो.

१७ जुलै १९४७, गुरुवार. दिव्यांची अवस, आपली गटारी. सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून अलिबागकडच्या रेवस बंदराला निघाली. नेहमीची वाट, दीड तासाची. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. बहुतेक तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली. गिरगाव-लालबाग-परळकडे राहून कामधंदा करणारी आणि अवसेला घरी निघालेली. निघताना पाऊस होता, पुढे वाराही वाढला. साडेआठ वाजून गेल्यावर गल आयलंडजवळ, म्हणजे काशाच्या खडकापाशी, मोठी लाट बसून बोट कलली. माणसं एका अंगाला गेली आणि पुढच्या तडाख्यात ती उलटलीच. मुंबईपासून जेमतेम दहा मैलांवर. भर समुद्रात नव्हे, बंदराच्या दारात.

बोट मोडकी नव्हती. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वॉन हंटरच्या गोदीत बांधलेली. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट. टायटॅनिकच्या लोकांना वाचवणारी कार्पाथियासुद्धा याच गोदीतली. म्हणजे 'जुनाट डबा होता म्हणून बुडाला' हे जे फॉरवर्डमध्ये येतं ते खरं नाही. अकरा वर्षांची बोट होती.

मालकी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची. आपल्याकडे लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली. शेपर्ड या साहेबाच्या कंपनीच्या बोटींशी टक्कर द्यायची म्हणून संतांची नावं ठेवलेल्या बोटी. या नावांवर लोकांचा जीव होता.

सगळ्यात जास्त मला काय खुपतं ते सांगतो. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. सातशे माणसं पाण्यात पडली आणि धक्क्यावर कोणालाच पत्ता नाही. इकडे रेवसला वाट पाहणारे म्हणत असतील, पावसामुळे उशीर झाला. तिकडे भाऊच्या धक्क्यावर पुढच्या बोटीची तिकिटं निघत असतील. मुंबईला कळलं ते पोहत, तरंगत किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या तोंडून, तोवर दिवस निम्म्यावर गेला होता. जी माणसं वाचली त्यातली कित्येक रेवसच्या कोळ्यांनी वाचवली. ते मासळी घेऊन मुंबईला विकायला चालले होते. त्यांनी मासळी दर्यात ओतून दिली आणि होड्यांत माणसं भरली. एका फेरीची मासळी म्हणजे त्या घराचा काही दिवसांचा गल्ला. कोणी हुकूम दिला नव्हता, कोणी भरपाई कबूल केली नव्हती.

मृतांचा आकडा? कुठे सव्वासहाशे, कुठे सातशेच्या जवळ. डेकच्या तिकिटावर नाव नसतं. कडेवरच्या पोराला तिकीटच नसतं. प्रवाशांची यादी नव्हती, म्हणून मेलेल्यांचीही नाही.

२९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. फाळणीच्या बातम्या, झेंडावंदन, निर्वासितांच्या गाड्या. या सगळ्यात कुलाबा जिल्ह्याचं रडणं वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाणार हे उघड होतं. त्याबद्दल त्या काळाला दोष देत नाही. पण आज पाऊणशे वर्षं उलटून गेल्यावरही आपल्याकडे गावनिहाय यादी नसावी, हे मला सहन होत नाही.

अलिबाग, उरण, पेण, मुरुड, रोहा, कुठलेही असाल तर लिहा. घरात काय ऐकलंत ते लिहा.

उरणचा_पाऊस

चांगला धागा. भरतीचं गणित कोणीच सांगत नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. त्या हिशेबाने अवसेला पूर्ण भरती दुपारी अकरा ते बाराच्या दरम्यान. म्हणजे सकाळी साडेआठला पाणी अर्धं चढलेलं आणि आत येण्याचा जोर सर्वात जास्त. त्यात अवस, म्हणजे उधाण. त्यात आषाढ, बाहेरून नैऋत्येचा वारा आणि लांबून येणारी फुगी, म्हणजे दर्याचं फुगून आलेलं पाणी. काशाच्या खडकाच्या आसपास पाणी उथळ होत जातं, तिथे ही फुगी उभी राहते आणि फुटते. हे आमच्या वाडीतल्या कोणत्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचारा, तो तुम्हाला हाताने आकार काढून दाखवेल.

म्हणून 'अचानक आलेली राक्षसी लाट' हे वाक्य मला पटत नाही. त्या दिवशी, त्या वेळेला, त्या जागी लाट मोठीच असणार होती. ती अचानक नव्हती.

आणि पाणी आत येत होतं म्हणूनच काही जण तरंगत गेटवेच्या दिशेला लागले. ओहोटी असती तर बाहेर गेले असते.

तारू_आणि_वारू

व्यापारी जहाजांवर बरीच वर्षं काढली आहेत, त्या अनुभवावरून.

चारशेच्या वर टनांची बोट असं वाचलं की लोकांना वाटतं तेवढं वजन आहे. हा आकडा बोटीच्या आतल्या घनफळाचा असतो, वजनाचा नव्हे. आता सातशे माणसं बोचक्या-पेट्यांसह धरा. पस्तीस-चाळीस टन होतात. मालाचं वजन तळाशी असतं आणि बांधलेलं असतं. हे वजन वरच्या डेकवर असतं आणि चालतं-फिरतं असतं. वजन जितकं वर, तितकी कललेली बोट सरळ व्हायला नाखूष.

पावसाळ्यात लाँचने गेलेल्या सगळ्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. झड ज्या बाजूने येते त्या बाजूला कोणी उभं राहत नाही. सगळे कोरड्या बाजूला दाटीवाटीने सरकतात. खलाशी ओरडतो, 'इकडे या, इकडे बसा', कोणी ऐकत नाही. म्हणजे लाट बसायच्या आधीच बोट थोडी कललेली असते. मग लाट येते, सुपातले दाणे सरकावेत तशी माणसं खालच्या बाजूला जातात, आणि तिथून परत येणं नाही. एकदा डेकची कड पाण्याखाली गेली की पुढचं काही क्षणांचं काम.

यात कप्तानाने काय करायला हवं होतं, यावर मी बसल्याजागी निकाल देणार नाही. तो स्वतः वाचला, त्यालाही लोकांनी बरंच काही ऐकवलं. पण इतकी माणसं चढूच कशी दिली हा प्रश्न धक्क्यावरचा आहे, कप्तान उभा असतो त्या जहाजाच्या पुलावरचा नाही.

सह्याद्रीपुत्र

इंग्रजांना आपल्या लोकांच्या जिवाची किंमत नव्हती, दुसरं काय. महिनाभरात गाशा गुंडाळायचा होता त्यांना.

हिशेबनीस

सह्याद्रीपुत्र, इतकं सोपं नाही हो. परवाने देणारं आणि बोटी तपासणारं सरकार परकं होतं हे खरं. पण कंपनी आपली होती. लोकांनी देशप्रेमापोटी पैसे घालून उभी केलेली. शेपर्डशी भाड्याची चढाओढ चालायची. भाडं खाली आणायचं तर पैसा कुठून तरी वाचवावा लागतो, आणि तो डेकवरच्या माणसाच्या जिवाच्या सामानातून वाचतो. साहेबाच्या कंपनीत तेच, आपल्या कंपनीत तेच.

टायटॅनिकनंतर जगभर करार झाले, सर्वांना पुरतील इतक्या होड्या, बिनतारी यंत्र, चोवीस तास पहारा. पण ते करार देशोदेशी जाणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी. मुंबई-रेवस ही त्यांच्या लेखी घरातली फेरी. लंडनला जाणाऱ्या साहेबाला जे संरक्षण १९४७ च्या कितीतरी आधी मिळालं होतं, ते कुर्ल्याच्या गिरणीत साचे चालवणाऱ्याला मिळालं नव्हतं. इथे तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण आपल्या संचालकांना कोणी हात धरून अडवलं नव्हतं. यंत्र बसवा, जीवरक्षक पट्टे ठेवा, कोणी नाही म्हटलं होतं?

आणि ही पहिली वेळही नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. वीस वर्षं होती मध्ये. वीस वर्षांत शिकता आलं असतं.

वाचनवेडी

हिशेबनीस, आणखी मागे जा. १८८८.

८ नोव्हेंबर १८८८ ला 'वैतरणा' कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. नाव आपल्या नदीचं, कंपनी शेपर्डची, प्रवासी कच्छ-काठियावाडचे. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला विजळी म्हणत. तीन वर्षांची नवी बोट. द्वारकेला आणखी माणसं चढली, सातशेच्या वर गेली. पोरबंदरला हवामान बघून थांबली नाही. रात्री माधवपूर-मांगरोळच्या बाजूला वादळात सापडली आणि गेली ती गेलीच. ना सांगाडा, ना एक प्रेत. मुंबई सरकारने चौकशी नेमली. निष्कर्ष काय, तर होड्या आणि जीवरक्षक पट्टे पुरेसे नव्हते. एकोणसाठ वर्षांनंतर रामदासबद्दलही लोक हेच बोलत होते.

त्याच्या आदल्या वर्षी, २५ मे १८८७ ला, कलकत्त्याहून पुरीला यात्रेकरू नेणारी 'सर जॉन लॉरेन्स' चक्रीवादळात बुडाली. साडेसातशेच्या आसपास माणसं, बहुतेक बायका. जगन्नाथाच्या दर्शनाला निघालेल्या.

मला या तिन्हींच्या नंतरचं जास्त महत्त्वाचं वाटतं. कलकत्त्यात हुगळीच्या घाटावर त्या बायकांच्या स्मरणार्थ दगडी पाटी आहे, काही इंग्रज स्त्रियांनी बसवलेली. रवींद्रनाथांनी त्या बुडण्यावर कविता लिहिली. विजळीवर काठियावाडात शोकगीतं झाली. कासम कप्तानाचं नाव गुजरातेत अजून माणसांच्या तोंडी आहे, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ. तेरा वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं होती. किती खरं किती वाढवलेलं सोडा, लोकांनी त्या बोटीत माणसं बसवली आणि ती माणसं लक्षात ठेवली.

आपण रामदासच्या वेळी काय लक्षात ठेवलं? लाट. आणि गटारी.

सह्याद्रीपुत्र

हिशेबनीस, वाचनवेडी, दोघांचंही वाचलं. 'तुकाराम' आणि 'जयंती'बद्दल प्रथमच कळतंय. शाळेत टायटॅनिकचा धडा होता, यांचा नव्हता.

अवसेची_रात्र

माझं मत वेगळं आहे. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, अवसेला दर्यावर जाऊ नये. त्या दिवशी बोट सोडायलाच नको होती. यात अंधश्रद्धा म्हणून हिणवायचं कारण नाही, वरती उरणच्या_पावसाने उधाणाचं सांगितलंच आहे.

उरणचा_पाऊस

@अवसेची_रात्र, हिणवत कोणीच नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात त्यामागे शहाणपणच आहे. पण रेवसचे कोळी त्याच दिवशी, त्याच पाण्यात होते आणि माणसं वर ओढत होते. अवस दोघांनाही सारखीच होती. फरक होता तो होडीत किती माणसं आणि सुकाणूवर कोण आणि घाई कोणाला, याचा.

अशुभ म्हटलं की चौकशी संपते. मला ती संपायला नको आहे.

माहेर_रेवस

हे सगळं वाचून आईला फोन केला. तिचं माहेर रेवसजवळ, ती नंतर जन्मली, पण तिच्या आईकडून तिने खूप ऐकलं होतं.

आजी सांगायची, त्या दिवशी घरोघरी कणकेचे दिवे उकडायला ठेवले होते. मुंबईहून येणाऱ्यांसाठी वाटण झालेलं. दुपारी कोणीतरी बंदरावरून ओरडत आलं. बायका तशाच, पिठाच्या हातांनी, बंदराकडे निघाल्या. होड्या येत होत्या आणि प्रत्येक होडीत जिवंत माणूस आहे की नाही ते आधी बघायचं, मग आपला आहे की नाही ते. परक्या गावच्या वाचलेल्यांना त्याच रात्री घरांत नेलं, कोरडे कपडे दिले, शेकायला चूल दिली. आजीच्या घरी एक माणूस होता, तो दोन दिवस एक शब्द बोलला नाही. कुठला, कोण, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस प्रेतं लागत होती किनाऱ्याला. ओळख पटायची ती कपड्यावरून, कंबरेच्या करगोट्यावरून. आई म्हणाली, तिच्या आजोळी त्या अवसेला आजही मटण शिजत नाही. दिवे लावतात, पण गटारी नाही. आळीतल्या लहान मुलांना कारणसुद्धा माहीत नाही, फक्त नियम माहीत आहे.

आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं. तरीही.

वाचनवेडी

माहेर_रेवस ताई, हे फार मोलाचं आहे. आईंकडून आणखी जे जे निघेल ते रेकॉर्ड करून ठेवा, कृपया. फोनवर नको, समोर बसून.

धरमतर_खाडी

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. याच साठी धागा काढला होता.

डोंबिवली_फास्ट_लोकल

वाचतोय. एक विचारू का, नंतर नेमकं काय बदललं? चौकशी झाली, पुढे?

तारू_आणि_वारू

नियम कडक झाले. पावसाळ्यातल्या फेऱ्यांवर निर्बंध आले, जीवरक्षक साहित्य आणि बिनतारी यंत्राची सक्ती आली. आज तुम्ही जूनमध्ये गेटवेला गेलात तर मांडव्याच्या बोटी बंद असतात. लोक कटकट करतात. त्या बंदीच्या मागे ही बुडालेली माणसं आहेत.

पण नियम एक आणि सवय दुसरी. १८ डिसेंबर २०२४ आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या चाचणीवर असलेल्या स्पीडबोटीची धडक बसली. पंधरा माणसं गेली. आकाश निरभ्र, समुद्र शांत, लाट नाही, अवस नाही. परवाना होता ८४ प्रवाशांचा, माणसं शंभराच्या वर. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. जॅकेटं सक्तीने घालायचा हुकूम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघाला. तेच बंदर. धडकेचं कारण वेगळं, तो विषय वेगळा. पण पाण्यात पडल्यावर माणूस तरंगतो की नाही, हा प्रश्न १८८८ पासून तोच आहे, आणि त्याचं उत्तर दर वेळी अंत्ययात्रेनंतर मिळतं.

मी सुट्टीवर आलो की रेवसच्या लाँचमध्ये बसल्याबसल्या जॅकेट मागतो. मिळतं, पण बांधायचे बंद तुटलेले असतात. तसंच अंगात घालतो. आजूबाजूचे बघतात. बघू देत.

हिशेबनीस

आता कामाचं बोलू. यादी कशी करायची?

माझ्या डोक्यात आलेले मार्ग :

गावची जन्म-मृत्यू नोंदवही. त्या काळी ती पाटलाकडून तालुक्याला जायची. आता तहसील किंवा ग्रामपंचायतीत जुने गठ्ठे असतील तर जुलै-ऑगस्ट १९४७ ची पानं बघायची. कारणाच्या रकान्यात 'बुडून' असेल.

जुनी वर्तमानपत्रं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायला हवं. सरकारी कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात.

जमातीच्या मशिदी आणि कब्रस्तानांच्या वह्याही बघाव्या लागतील. त्या पट्ट्यातली कोकणी मुसलमान कुटुंबंही मुंबईला नोकरीत होती. यादी एका समाजाची होता कामा नये.

वाचनवेडी

यात एक भर घाला. ज्यांचं प्रेत मिळालं नाही त्यांचा पालाशविधी करतात, पळसाच्या काड्या-पानांचा पुतळा करून. इतक्या घरांतली माणसं सापडली नसणार म्हणजे त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी असे विधी बरेच झाले असणार. लोक नाशिक-त्र्यंबकला गेले असतील. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्यांत कुटुंब, गाव, कोण वारलं हे सगळं उतरवून घेतात. अलिबाग-उरण-पेणच्या गावांच्या वह्या ज्या उपाध्यांकडे आहेत त्यांना विचारलं तर नावं मिळू शकतात. सरकारकडे नसतील अशी.

धरमतर_खाडी

वाचनवेडी, हे मला कधीच सुचलं नसतं. नाशिकला माझा मावसभाऊ आहे, त्याच्यामार्फत आमच्या गावच्या उपाध्यांपासून सुरुवात करतो.

एक सामाईक तक्ता तयार केलाय, दुवा व्यक्तिगत निरोपातून देतो, कारण घरच्यांना न विचारता नावं उघड्यावर नकोत. रकाने असे : गाव, व्यक्तीचं नाव, अंदाजे वय, मुंबईत कुठे कामाला, वाचली की गेली, प्रेत मिळालं का, ही माहिती कोणी सांगितली. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. ऐकीव असेल तर 'ऐकीव' लिहा, नोंदवहीत पाहिलं असेल तर तसं लिहा. आकडा मोठा करायची घाई नको. दहा नावं आली तरी चालतील, पण ती खरी असू देत.

आणि दुसरं पान कोळ्यांचं. कोणत्या वाडीतून कोणाच्या होड्या होत्या, तांडेल कोण. बुडालेल्यांइतकीच ती नावंही हरवली आहेत.

उरणचा_पाऊस

दुसरं पान माझ्याकडे द्या. रेवस, बोडणी, मांडवा या बाजूला ओळखी आहेत. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळे घरीच असतात, तेव्हा जाऊन बसतो.

सह्याद्रीपुत्र

मी फोर्टात नोकरीला आहे. पुराभिलेखागार पायी दहा मिनिटांवर. परवानगीला काय कागद लागतात ते उद्या जाऊन विचारतो आणि इथे लिहितो.

माहेर_रेवस

आईने दोन नावं सांगितली, तक्त्यात टाकली आहेत. दोघेही शेजारच्या आळीतले, सख्खे भाऊ. धाकट्याचं वय तिला नक्की आठवत नाही, त्यांच्या घरी विचारून घेते. शेवटच्या रकान्यात 'ऐकीव, आईकडून' असं लिहिलंय.